काकांच्या स्लाइड्स संगणकात, खिशाला परवडेल अशा रीतीने

घरात जुन्या स्लाइड्सचा डबा निघाला की पहिली चौकशी होते ती स्कॅनरची. कुठला घ्यावा, केवढ्याला पडतो, किती डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपणारा, असावा. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. स्लाइड म्हणजे काय, ती कशाने खराब होते आणि डब्यातल्या किती स्लाइड्सवर खरोखर मेहनत घ्यायची, हे आधी कळलं तर बऱ्याच घरांत स्कॅनर विकत घ्यायची वेळच येत नाही.

नेहमीच्या रंगीत रोलमधून निघायची ती निगेटिव्ह, म्हणजे उलट्या रंगांची, नारिंगी झाक असलेली पट्टी. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. स्लाइडचं तसं नसतं. स्लाइडचा रोल धुतला की थेट सुलट रंगांचं पारदर्शक चित्र हाती येतं. मग त्याचा एकेक तुकडा कापून पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या ५ सेंटिमीटर चौरस माउंटमध्ये बसवतात. आतलं चित्र जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटरचं. शटर उघडल्यावर काकांच्या कॅमेऱ्यातल्या ज्या फिल्मवर प्रकाश पडला, तीच फिल्म आज तुमच्या हातात असते. तिची निगेटिव्ह कुठेही नाही आणि दुसरी प्रतही नाही.

आपल्याकडे रोल महाग, धुणं महाग, वर बघायला प्रोजेक्टर हवा, त्यामुळे हौसेने स्लाइड्स काढणारी घरं कमीच होती. मात्र डॉक्टर, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, लेण्यांचे आणि किल्ल्यांचे अभ्यासक, हिमालयात जाणारे गिर्यारोहक यांच्याकडे त्या सापडतात. ‘पारदर्शिकांसह व्याख्यान’ ही ओळ कार्यक्रमपत्रिकांवर असायची ती यांच्यामुळेच. दुसरा मोठा साठा परदेशी गेलेल्यांचा. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर तिकडे गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांत मराठी माणसं पुष्कळ होती. तिकडे स्लाइड हा अगदी घरगुती प्रकार होता. जेवण झाल्यावर पाहुण्यांना भिंतीवर सहलीचे फोटो दाखवायचे, आणि पाहुण्यांनीही ते निमूट बघायचे. आमचे काका त्या पिढीतले. निवृत्त होऊन परतताना त्यांनी सोबत आणलं ते पिवळ्या डब्यांतल्या स्लाइड्स, गोल ट्रे आणि प्रोजेक्टर.

तुमच्याकडेही तिकडून आलेला प्रोजेक्टर असेल तर एक गोष्ट सर्वांत आधी. तो बहुधा ११० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट घालू नका. कोडॅकचा गोल ट्रेचा कॅरोसेल १९६१ साली आला, त्या कंपनीने प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं. तेव्हा दिवा उडाला तर तोही सहज मिळेल असं नाही.

डब्यात नेमकं काय आहे

माउंटवर फिल्मचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. कोडॅकच्या पिवळ्या डब्यातली प्रत्येक स्लाइड कोडॅक्रोम नसते, आणि कोडॅकच्याच या दोन फिल्मपैकी ती कोडॅक्रोम आहे की एक्टाक्रोम यावर पुढचं बरंच काही ठरतं.

कोडॅक्रोम ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी १९३६ मध्ये आली. तिचे जनक लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघंही पेशाने संगीतकार, एक पियानोवादक आणि दुसरा व्हायोलिनवादक. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग घडवणारी रसायनं फिल्मच्या थरांतच भरलेली असतात आणि धुतल्यावरही थोडी मागे उरतात. कोडॅक्रोममध्ये ती धुताना बाहेरून दिली जायची. त्यामुळे धुण्याची प्रक्रिया भलतीच किचकट होती आणि ती करणाऱ्या लॅब मोजक्याच होत्या. पण अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग पन्नास-साठ वर्षांनीही थक्क करतात ते याच रचनेमुळे. ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली. ती धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावात होती, तिने २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला होता. त्यातल्या काही चौकटी त्यांनी मुंबईतल्या चित्रपट कलाकारांवर आणि राजस्थानातल्या रबारी लोकांवर खर्च केल्या.

एक्टाक्रोमची कथा वेगळी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची प्रक्रिया सुधारली, त्यानंतरच्या स्लाइड्स बऱ्या टिकतात. त्याआधीच्या मात्र आज गुलाबी किंवा लालसर पडलेल्या दिसतील. पूर्व जर्मनीतली ओर्वो हे नाव दिसलं तर तिथेही रंग उतरलेले असण्याची तयारी ठेवा.

माउंटवर नाव नसेल तर स्लाइड तिरकी धरून तिच्या मंद, कमी चकाकणाऱ्या बाजूवर उजेड पाडा. चित्र उठावदार, जणू कोरल्यासारखं दिसलं तर ती बहुधा कोडॅक्रोम. ही मंद बाजू म्हणजे इमल्शनची, म्हणजे चित्र ज्या जिलेटिनच्या थरात आहे त्याची. दुसरी चकचकीत बाजू ही नुसती प्लॅस्टिकची पट्टी. ही ओळख पुढे साफसफाईत आणि स्कॅनिंगमध्ये सारखी लागते.

कोडॅक्रोमला एक दुबळी बाजू आहे. अंधारात ती सर्वांत टिकाऊ, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे तिचे रंग इतरांपेक्षा लवकर उडतात. म्हणून ‘आधी सगळ्या भिंतीवर टाकून बघू, मग निवडू’ हा मोह आवरा. निवडायला खालून उजळणारी पांढरी पाटी पुरते, ती पुढे येईलच.

बुरशी, धूळ आणि आपले हात

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत स्लाइड्सचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. जिलेटिन हे तिचं अन्नच. उजेडात धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. अशा स्लाइड्स आधी वेगळ्या डब्यात काढा. त्यांना पाणी लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं आणि फिल्मवरून चित्रच निघून जाईल. शक्य असेल तर हे सगळं काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत उरकावं. पावसाळ्यात डबे उघडून टेबलावर पसरू नयेत.

साध्या धुळीसाठी रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश एवढंच लागतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. चष्म्याचं कापड, शर्टाचं टोक, टिश्यू पेपर, यांतलं काहीही फिल्मला लावू नका. चकचकीत बाजूवर बोटांचे ठसे असतील तर ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिल्मसाठीच्या, तंतू न सोडणाऱ्या कापडावर अगदी थोडं घेऊन, हलक्या हाताने फिरवा. आधी नको असलेल्या एखाद्या स्लाइडवर करून पाहा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालणार नाही, त्यात पाणी असतं. इमल्शनच्या बाजूला ब्लोअरखेरीज काहीही नको, हा माझा नियम.

काचेच्या माउंटमधल्या स्लाइड्स कधी कधी निघतात, विशेषतः व्याख्यानांसाठी बनवलेल्या. दोन काचांमध्ये ओल अडकते, धूळ बसायला चार जादा पृष्ठभाग मिळतात, आणि काच फिल्मला टेकते तिथे इंद्रधनुषी वलयं उमटतात. माउंट सहज उघडत असेल तर फिल्म काढून प्लॅस्टिकच्या माउंटमध्ये घालावी. पुठ्ठ्याचे माउंट मात्र उगाच फाडू नका. का, ते तारखांच्या भागात येईल.

सगळ्या करायच्या नाहीत

खर्च आणि वेळ वाचवणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि लोक नेमकी ती टाळतात. कामं सुरू होतात उत्साहात, पहिल्या ट्रेपासून, एकही न गाळता. तिसऱ्या ट्रेला पाठ धरते आणि डबा परत माळ्यावर जातो.

पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर एका वेळी वीस-पंचवीस स्लाइड्स मांडा. त्यासाठी चित्रकलेचं एलईडी ट्रेसिंग पॅड मिळतं, ए-४ आकाराचं साधारण हजार-दीड हजारात येतं. ते नसेल तर लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं तरी निवडीपुरतं भागतं. सोबत एक भिंग ठेवा. हललेल्या, काळ्याकुट्ट, निव्वळ चुकलेल्या बाजूला काढा. मग एकाच दृश्याच्या चार-पाच असतील त्यांतली एक घ्या.

पुढची निवड चवीची आहे. त्या पिढीतल्या प्रत्येक मराठी माणसाने नायगरा धबधब्याचे फोटो काढले आहेत, आणि सगळ्यांनी बहुधा एकाच कठड्यापाशी उभं राहून. धबधबा आजही तिथेच आहे, त्याचे उत्तम फोटो फुकट मिळतात. त्याउलट भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर, ओट्यावर गावाहून नेलेला कुकर, बर्फात कोटाखालून डोकावणारी साडी, पहिली मोटार, हळदीकुंकवाला जमलेल्या बायका, हे पुन्हा कुठे मिळणार नाही. काढणाऱ्याने ज्यावर मेहनत घेतली ते बहुधा निसर्गदृश्य असतं, घरच्यांना हवं असतं ते चुकून चौकटीत आलेलं. हजार स्लाइड्समधून दोन-अडीचशे निवडल्या तर पुष्कळ झालं. बाकीच्या फेकायच्या नाहीत, फक्त स्कॅन करायच्या नाहीत.

डीपीआयचा बाजार

आता यंत्रांकडे वळू. खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी थोडं गणित. स्लाइडची लांब बाजू ३६ मिलिमीटर, म्हणजे १.४२ इंच. २४०० डीपीआयने स्कॅन केली तर इंचाला २४०० ठिपके, म्हणून ३४०० बाय २२७० च्या आसपास ठिपक्यांचं चित्र मिळेल, साधारण पावणेआठ मेगापिक्सेलचं. त्यातून ८ बाय १२ इंचांचा छान प्रिंट निघतो. फोर-के टीव्हीची रुंदी ३८४० ठिपक्यांची, ती पूर्ण भरायला सुमारे २७०० डीपीआय लागतील. घरगुती कामाला एवढं बस. त्यापुढे चित्रापेक्षा फिल्मचे कणच जास्त ठळक होत जातात.

मेख अशी, की खोक्यावरचा डीपीआय आणि खरोखर टिपला जाणारा तपशील यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. झाकणात दिवा असलेले घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर ६४०० डीपीआयचा दावा करतात, पण चाचणीपट्टी ठेवून मोजलं तर हाती लागतात दीड हजार ते अडीच हजार. फाइल मात्र ६४०० च्या आकाराची, अगडबंब होते. ऑफिसातला साधा स्कॅनर तर यासाठी निरुपयोगीच. तो खालून उजेड टाकून परावर्तित प्रकाश वाचतो, आणि स्लाइडला उजेड आरपार जायला हवा.

फक्त फिल्मसाठी बनवलेले स्कॅनर चांगले असतात. ७२०० म्हणणारे प्रत्यक्षात तीन ते चार हजार देतात आणि तेवढे भरपूर आहेत. पण किंमत पाच आकडी, आणि प्रत्येक स्लाइडला काही मिनिटं. निकॉनचे जुने कूलस्कॅन आजही नावाजलेले आहेत. जुन्या बाजारात दिसले तर केबल पाहून घ्या. काही मॉडेल्सना फायरवायर नावाची जुनी जोडणी लागते, जी आजच्या लॅपटॉपला नसते. हे स्कॅनर जुने घेऊन, काम संपल्यावर त्याच भावात विकून टाकण्याची युक्ती चांगली आहे, फक्त आपल्याकडे ते मिळणं हीच अडचण.

स्वस्त, छोट्या पडद्याच्या ‘स्लाइड कन्व्हर्टर’ डब्यांबद्दल सगळे विचारतात. त्यात स्कॅनर नसतो, छोटा कॅमेरा असतो. खोक्यावरचे २२ मेगापिक्सेल बहुधा सॉफ्टवेअरने ताणलेले असतात. चांगली स्लाइड तिच्या सर्वांत काळ्या भागातून प्रकाशाचा तीन-चार हजारावा अंशच पलीकडे सोडते. एवढी मोठी झेप त्या छोट्या कॅमेऱ्याला जमत नाही. मग काळे केस आणि गर्द कोट यांचा एकच डाग होतो, आणि बर्फ पांढराफटक पडतो. दोन हजार स्लाइड्समध्ये काय आहे एवढंच बघायचं असेल तर तो ठीक. मी घेणार नाही.

फोनने? निवडीची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आत्याला पाठवणं यासाठी जरूर. फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवा, खाली उजेडाची पाटी, त्यावर स्लाइड. फोन फार जवळ फोकस करत नाही, म्हणून स्लाइड चौकटीचा लहानसा भागच व्यापते आणि ५० मेगापिक्सेलमधले तीन-चारच कामी येतात. अतिजवळच्या मॅक्रो मोडमध्ये कडा वाकतात. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

उसना कॅमेरा

माझ्या मते कमी खर्चाचा खरा रस्ता हा आहे. नात्यागोत्यात कुणाकडे तरी कपाटात पडलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असतोच. तो आठ-पंधरा दिवसांसाठी मागून घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात स्लाइडने चौकट जवळजवळ भरली तर सुमारे ५४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, म्हणजे ३८०० डीपीआय. घरगुती फ्लॅटबेडपेक्षा कितीतरी जास्त, आणि प्रत्येक स्लाइडला काही सेकंदच.

अडचण फक्त लेन्सची. कॅमेऱ्यासोबतची १८-५५ लेन्स स्लाइडइतक्या लहान वस्तूने चौकट भरू शकत नाही. मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ५० मिलिमीटरची साधी लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ही ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ नळी, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसते आणि लेन्सला जवळचं पाहायला लावते. नियम सोपा आहे. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, तेवढं मोठेपण मिळतं. कॅमेऱ्यात चित्र टिपणारा भाग म्हणजे सेन्सर. त्यातला लहान आकाराचा, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात, तो साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. ३६ मिलिमीटरची स्लाइड त्यावर बसवायला ०.६५ पट हवं, म्हणजे ५० च्या लेन्सला ३२ मिलिमीटरची नळी. १२ आणि २० च्या दोन नळ्या जोडल्या की झालं. अगदी स्वस्त नळ्यांत विजेचे संपर्कबिंदू नसतात आणि मग नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) बदलता येत नाही. एकतर संपर्कबिंदू असलेल्या घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चरची कडी असलेली जुनी लेन्स वापरा. मुंबईत असाल तर फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारा, कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले तिथेच आहेत. लेन्सपुढे लावायचा जुन्या काळचा स्लाइड कॉपिअर मिळाला तर तोही पाहा.

मांडणी अशी. उजेडाची पाटी टेबलावर सपाट. तिच्या तीन-चार सेंटिमीटर वर स्लाइड, जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत अडकवलेली. स्लाइड पाटीवर थेट ठेवली तर पाटीवरची धूळ आणि एलईडीचे ठिपके चित्रात येतात. फोनचा किंवा लॅपटॉपचा पडदा वापरत असाल तर हे अंतर हवंच, आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, नाहीतर पडद्याची जाळी फोटोत उमटेल. ट्रेसिंग पॅडचा प्रकाश रंगांच्या बाबतीत फारसा प्रामाणिक नसतो. व्हिडिओवाल्यांचा सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वरचा छोटा एलईडी दिवा मिळाला तर लाल आणि त्वचेचे रंग लगेच सुधारतात. या सगळ्या प्रकारात कुठे पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. दिवा मंद करू नका, पूर्ण प्रखरतेवर ठेवा. मंद केलेले स्वस्त एलईडी वेगाने लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात.

स्लाइडभोवतीची उघडी पाटी काळ्या कार्डपेपरने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा. उन्हातल्या ओट्यावरून माजघरात डोकावलं तर आतलं काही दिसत नाही, लेन्सचंही तेच होतं. आजूबाजूचा झगझगीत प्रकाश तिच्यात शिरला की स्लाइडमधले गर्द भाग राखाडी होतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा स्टँडवर, तोंड सरळ खाली. तो स्लाइडला अगदी समांतर आहे का, हे आरशाने कळतं. स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं तर कॅमेरा सरळ आहे. नसेल तर एका कोपऱ्यात फोकस सुटेल. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली, न सुधारलेली. फोकस हाताने, पडद्यावर दहापट मोठं करून, चेहऱ्यावर नव्हे तर फिल्मच्या कणांवर. कण स्पष्ट दिसले की फोकस लागला, मग मूळ फोटो हललेला असला तरी. एक्स्पोजर असं ठेवा की ढग, बर्फ, पांढरं धोतर यांतला तपशील जळणार नाही. गर्द भाग रॉ फाइलमधून थोडेफार वर काढता येतात, जळलेला पांढरा परत येत नाही. फारच काळपट स्लाइड असेल तर एक उजळ, एक गर्द अशा दोन फाइली घ्या.

चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे असली की चित्र सुलट येतं. शंका आली तर चित्रातल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं पाहा, नाहीतर पदर. पदर उजव्या खांद्यावर दिसला आणि बाई गुजराती पद्धतीने नेसलेली नसेल, तर स्लाइड उलटी आहे.

कॅमेऱ्याची एक उणीव सांगायलाच हवी. चांगल्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखण्याची सोय असते. फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात, म्हणून यंत्राला ते वेगळे दिसतात आणि ते आपोआप भरले जातात. कॅमेऱ्यात हे नाही, डाग हाताने पुसावे लागतात. मात्र कोडॅक्रोमचा एक रंग इन्फ्रारेडही थोडा अडवतो, त्यामुळे त्या सोयीचा तिथे घोळ होतो आणि चित्राचा भागच धूळ समजून पुसला जातो. कृष्णधवल फिल्मवर तर ती मुळीच चालत नाही, कारण तिथे चित्रच चांदीचं. तेव्हा काकांचा साठा बहुतांश कोडॅक्रोमचा असेल तर महाग स्कॅनरचा हा फायदा तुम्हाला फारसा मिळणार नाही.

गुलाबी पडलेले रंग

स्लाइडमध्ये तीन रंगांचे थर असतात आणि ते वेगवेगळ्या गतीने उडतात. जुन्या एक्टाक्रोममध्ये आधी उडतो तो निळसर-हिरवा, म्हणजे सायन. या थराचं काम लाल प्रकाश अडवणं. तो विरला की लाल प्रकाश सगळीकडून, अगदी सावल्यांतूनही, येऊ लागतो. म्हणून चित्र गुलाबी.

उपाय त्यातच दडलेला आहे. गिंप किंवा डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर घ्या, लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे उघडा. लाल चॅनलचा आलेख उजवीकडे रेटलेला दिसेल, डावी बाजू रिकामी. काळ्याची खूण आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत सरकवा. मग हिरवा, मग निळा. निम्म्याहून जास्त रंग एवढ्यानेच परत येतात. पूर्ण उडालेला थर मात्र कोणीच परत आणू शकत नाही. ‘एआय’ने रंगवलेला चेहरा सुंदर दिसेल, पण तो अंदाज असतो, आणि मूळ फाइलवर तो कधीही चढवू नका.

आपोआप दुरुस्तीच्या बटणापासून जपून. सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यावी असं ते धरून चालतं. गुलालाने माखलेली मिरवणूक किंवा भाताचं हिरवंगार खाचर दाखवलं की ते गुलाल ‘सुधारायला’ निघतं. सावळ्या चेहऱ्यांनाही ते उगाच उजळ करतं.

तारीख, नाव, गाव

कोडॅकच्या माउंटवर महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. ते फिल्म धुतल्याचं, फोटो काढल्याचं नव्हे. डिसेंबरात भारतात सुट्टीवर काढलेला रोल परत गेल्यावर मार्चमध्ये धुवायला पडला, तर माउंट मार्च म्हणेल. त्याशेजारी चौकटीचा क्रमांक असतो, एक ते छत्तीस. यावरून एका रोलमधला क्रम लावता येतो, आणि बारसं आधी की बदली आधी असे घरगुती वाद मिटतात. माउंट फाडायचे नाहीत ते यासाठी. ट्रेमधला क्रम वेगळा असतो, तो पाहुण्यांना दाखवण्याचा. दोन्ही जपायचे असतील तर फाइलच्या नावात ट्रे आणि खणाचा आकडा घाला, रोलमधला क्रमांक वर्णनात.

माउंटवरचं हस्ताक्षरही ठेवा. त्यासाठी प्रत्येक माउंट वेगळा स्कॅन करायची गरज नाही. ट्रेमधून निघालेल्या वीस स्लाइड्स त्याच क्रमाने टेबलावर मांडा आणि वरून उजेड टाकून फोनने एकच फोटो काढा. डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असेल तर त्याचाही.

कॅमेरा प्रत्येक फाइलवर आजची तारीख टाकतो, मग फोनच्या गॅलरीत काकांचं लग्न यंदाच्या दिवाळीशेजारी दिसतं. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण गठ्ठ्याची तारीख एकदम बदलता येते आणि वर्णन देवनागरीत लिहिता येतं. हे वर्णन फाइलच्या पोटातच राहतं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ते गळून पडतं आणि चित्रही दाबलं जातं, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नावं विचारायला बसताना पन्नासेक फोटोच घेऊन बसा, आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. एकेका फोटोची गोष्ट सांगता सांगता काकू तीन नवी नावं सांगून जातात, ती लिहिण्यात आपला हात मागे पडतो.

साठवण

जपण्याची प्रत १६ बिटच्या टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलमध्ये. २४०० डीपीआयची एक फाइल सुमारे ४६ एमबीची होते, पाचशे स्लाइड्सचे २३ जीबी. साध्या पेन ड्राइव्हवरही मावतील, पण पेन ड्राइव्हवर विसंबू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्क आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. वाटायला जेपेग.

मूळ स्लाइड्स पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, पॉलिप्रोपिलीनची घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या नकोत. बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही आणि ती वाफ फिल्मच्या आसपास नकोच. डबा माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीतलं लाकडी कपाट चांगलं.

सगळं झाल्यावर आठ-दहा स्लाइड्स अशा उरतील ज्यांचा मोठा प्रिंट भिंतीवर लावावासा वाटेल. तेवढ्याच चांगल्या लॅबला द्या. देताना विचारा: फिल्म स्कॅनरवर करणार की फ्लॅटबेडवर, टिफ मिळेल का, आणि माउंट उघडणार का. कुरिअरने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या. तिथे गेलात की त्यांचं स्कॅनरचं टेबल किती धुळकट आहे तेही पाहून घेता येतं.